चार बोटं उजवीकडे

२ नोव्हेंबर

लेकीने तिच्या ऑफिसात उरलेली डायरी पाठवली. गेल्या वर्षाची आहे, म्हणजे तारखा खऱ्या आणि वार खोटे. वारांवर काट मारून लिहायला बसलो आहे. तिचं म्हणणं, बाबा, तुम्ही हल्ली एकटेच बोलता, त्यापेक्षा लिहीत जा. मी एकटा बोलत नाही, यंत्रांशी बोलतो, पण हा फरक फोनवर कुणाला कसा पटवायचा?

आज ट्रॅक्टर आला. आपला जुना उन्हाळ्यात इंजिनाला तडा जाऊन बसला तो कायमचाच. जावयाच्या चुलत्यांनी शेती सोडली, त्यांचा ट्रॅक्टर छपराखाली नुसता उभा होता, तो त्यांनी आपल्याकडे धाडला. अंगाने दांडगा, आवाजाने मऊ. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. मी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, मग मागे जाऊन वाकून पाहिलं. अवजार ज्यांच्यावर टांगायचं ते दोन हात जुन्या ट्रॅक्टरपेक्षा वीतभर लांब लांब आहेत, आणि पिनांची भोकं अंगठा आरपार जाईल एवढी. आपल्या नऊफणीच्या पिना त्यात म्हणजे बापाच्या चपलेत पोराचा पाय.

नऊफणी म्हणजे आमचं पेरणीयंत्र. माती चिरणारे नऊ फण, नऊ नळ्या, वर बियाण्याची लांब पेटी. डाव्या टोकाला एक लहान चाक. ते जमिनीवर फिरलं की साखळी फिरते आणि दाणे नळ्यांत पडतात. उजव्या टोकाला मागे एक फळी. त्या फळीवर ही उभी राहते, नळी तुंबली की काठीने मोकळी करते. ही म्हणजे आमची बायको, डायरीत तिला दुसरं काय म्हणणार. एकतीस पेरण्या झाल्या या यंत्रावर. सगळे मला ‘फूटपट्टी’ म्हणतात, कारण माझी रेघ कधी वाकत नाही. गुपित एवढंच की समोर एक झाड धरायचं, त्यावरून नजर हलवायची नाही आणि काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही.

हिने मात्र लेकीकडे जायचं मनावर घेतलंय. गुडघे गेले आहेत तिचे, लेकीने वरची खोली रंगवून ठेवली आहे, तिकडे जाऊ म्हणते. शेवटी ठरलं ते असं: वाफसा, म्हणजे जमिनीला पेरण्याजोगी ओल, यायच्या आत नऊफणी या ट्रॅक्टरला बसली आणि सरळ चालली, तर यंदाचा गहू आपण पेरायचा. नाहीतर शेत शेजाऱ्याला वाट्याने द्यायचं आणि सामान बांधायचं. दहा-बारा दिवस हातात आहेत. जमीन अजून बोटांना चिकटते.

मला जायचं नाही. हे हिला सांगितलेलं नाही, डायरीत लिहितो आहे.

३ नोव्हेंबर

सकाळी एवढं धुकं होतं की छपरातली नऊफणी आधी दिसलीच नाही, हाताला लागली. गार लोखंड, वर दव. मी तिथेच पोत्यावर टेकलो. धुकं विरघळत गेलं तसा एकेक फण दिसू लागला, पहिला, दुसरा, असं करत नऊ. किती वेळ गेला कळलं नाही. हिने चहा आणून दिला तो गार झाला.

मग टेप घेऊन मापं घ्यायला लागलो आणि चक्रावलो. जुना जोड, म्हणजे ज्या दोन पिनांवर यंत्र ट्रॅक्टरला टांगतात तो, सांगाड्याच्या मध्यावर नाहीच. चार बोटं उजवीकडे सरकलेला आहे. तीनदा मोजलं. एकतीस वर्षं मी वाकड्या जोडाने पेरत होतो!

हा जोड आमच्या जुन्या मिस्त्रीने केलेला. भला माणूस होता, आता नाही. पण दुपारी जेवणानंतर काम केलं असावं, मध्य चुकला असावा. म्हणजे इतकी वर्षं यंत्र एका अंगाला लटकत होतं आणि तरी रेघ सरळ येत होती. याचा अर्थ ती माझ्या हाताने सरळ येत होती, दुसरं काय? वाईट वाटायच्या ऐवजी छाती दोन इंच फुगली, खरं सांगतो.

हिला सांगितलं. ही गहू निवडत होती. थांबली. विचारलं, “नक्की चार बोटं?” म्हटलं, नक्की. “तशीच ठेवा मग,” एवढं बोलून पुन्हा निवडू लागली. आता हिला लोखंडातलं काय कळतं. चूक सापडल्यावर ती जपून ठेवायची असते का?

५ नोव्हेंबर

वेल्डरकडे गेलो. रस्त्याच्या वळणावर त्याचं दुकान आहे, पत्र्याचं, आत सतत निळा उजेड. माणूस कमी बोलतो, पण हात चांगला. डावखुरा आहे, त्यामुळे त्याच्या शेजारी उभं राहायचं तर आपली बाजू बदलावी लागते. नऊफणी त्याच्या दारात उतरवली. त्याने फेरी मारली, वेल्डिंगच्या जुन्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला की ज्याने हे केलंय त्याचा हात पक्का होता. मी चार बोटांचं सांगितलं. त्यावर तो पुटपुटला की असा माणूस चार बोटं चुकत नसतो.

म्हटलं, बाबा रे, मेलेल्या माणसाची बाजू घेऊ नकोस, मध्य काढ. त्याने दोरी लावून मध्य काढला, खडूने रेघ मारली. जुन्या पिना कापल्या. जाड पिना आणल्या, दोन्हींमध्ये वीतभर अंतर वाढवलं, टॉप लिंकसाठी, म्हणजे यंत्र वरून धरणाऱ्या तिसऱ्या दांड्यासाठी, उभी पट्टी उंच केली. मी बाकावर बसून पाहत होतो. काचेआडून पाहिलं की तो निळा ठिपका पाण्यावर तरंगल्यासारखा वाटतो, पापण्या जड होतात. झोप लागली असावी, कारण जाग आली तेव्हा काम झालं होतं आणि माझ्या पायांवर कुणीतरी गोणपाट टाकलं होतं.

दोन्ही बाजू मोजल्या. डावीकडे जेवढं, तेवढंच उजवीकडे. केसाचा फरक नाही. मिस्त्रीच्या आत्म्याला शांती लाभो.

परतताना बांधाला बांध लागून असलेला शेजारी भेटला. त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणतात, का ते वेगळं सांगायला नको. शेत त्यालाच जायचं आहे, गेलंच तर. तसा तो वाईट नाही. पण आपल्या शेताकडे तो हल्ली घर बघायला आलेल्या भाडेकरूसारखा बघतो.

६ नोव्हेंबर

दुपारी बियाण्याच्या पोत्यावर डोळा लागला. स्वप्नात पेरत होतो. ट्रॅक्टरला आवाजच नव्हता. शेत संपत नव्हतं, टेकडीवर चढून पलीकडे उतरत होतं आणि मागे रेघा आपोआप उमटत होत्या. पाठीमागे कुणीतरी हळू आवाजात गुणगुणत होतं, चाल ओळखीची. वळून बघावं असं फार वाटलं. पण वळलं की रेघ वाकते, म्हणून बघितलं नाही.

उठलो तर ही सूप घेऊन शेजारी बसली होती. सांगितलं तिला, शुभशकुन आहे, जोड बसणार. ही हसली. चांगली हसली, पण मग गुडघ्यावर हात ठेवून उठायला तिला फार वेळ लागला.

८ नोव्हेंबर

आज पहिली चाचणी, आणि पहिल्याच घासाला खडा.

जोडायला सोपं गेलं, दोन्ही हात पिनांवर अलगद बसले, टॉप लिंक लागली, हायड्रॉलिकने यंत्र उचललं. पाहून बरं वाटलं. घराच्या मागचं रिकामं तुकडं घेतलं, तिथली माती वाळली आहे. पेटीत जुने किडके गहू टाकले. हिला म्हटलं, चढ. ही एक क्षण उभी राहिली, मग चढली. चढताना पेटीची कड धरून एक पाय वर, मग बराच वेळ दुसरा.

समोरचं झाड धरलं आणि निघालो. वीस पावलांतच स्टिअरिंग उजवीकडे ओढायला लागलं. मी डावीकडे धरतोय, ते उजवीकडे जातंय. टोकाला जाऊन बघतो तर काय, उजवीकडचे तीन-चार फण वीतभर खोल गेलेले आणि डावीकडचे नुसते माती खाजवत आलेले. आणि रेघ? रेघ कसली, कोयता. आयुष्यात अशी रेघ मारली नव्हती.

ही खाली उतरली आणि माती झटकू लागली. मी म्हटलं, जमीन उतरती आहे इकडे. ही म्हणाली, “नाचता येईना, अंगण वाकडं.” मग घरात गेली. चिडायचं होतं, पण म्हण चपखल होती, काय बोलणार.

दुपारभर यंत्राभोवती फिरलो. दोरी लावली, पाण्याची नळी लावून पातळी पाहिली. मोकळं टांगलं की चांगलं समपातळीत राहतं. कुठे चुकलं काही समजेना. संध्याकाळी रेडिओ येऊन कोयता बघून गेला. कधी नव्हे तो गप्प होता, ते जास्त लागलं.

९ नोव्हेंबर

सापडलं! टायर.

उजव्या टायरात हवा कमी होती. पहाटेच पंप लावला, हवा भरली. ही गुडघे शेकत बसली होती, तिला हाक मारली नाही. एकटाच गेलो. एक रेघ गेली, दुसरी परत आली, दोन्ही अशा सरळ की डोळ्यांत पाणी आलं. नऊच्या नऊ फण एकसारखे खोल. धुक्यात ते तुकडं कोऱ्या वहीसारखं दिसत होतं. दोन नळ्या मध्येच तुंबल्या होत्या, तेवढ्या रांगा रिकाम्या गेल्या, पण ते काय, फळीवर कुणी नसलं की तसं व्हायचंच.

घरी येऊन हिला जाहीर केलं की टायर होता. ही म्हणाली, “बरं.” मला वाटतं तिची निराशा झाली असणार. मनातून तिने सामान बांधायला घेतलं असेल. लेकीशी फोनवर बराच वेळ बोलत होती, मला बघून आवाज लहान केला.

१० नोव्हेंबर

पुन्हा कोयता.

टायरांत हवा होती, मी स्वतः मोजली. जमीन तीच, माणूस तोच, झाड तेच. फक्त हिला सोबत घेतलं, नळ्या तुंबू नयेत म्हणून. पुन्हा उजवं अंग खाली, डावं वर. मी थांबून उतरलो आणि त्या ट्रॅक्टरला नको ते बोललो. मग हिलाही बोललो. म्हणालो की तू चढलीस की यंत्र रुसतं.

ही फळीवरच उभी होती. मला वाटलं आता भांडण होणार. पण ती हळूच उतरली आणि काठी माझ्या हातात देऊन गेली.

आता कुठे शोधू? वेल्डरला दोनदा विचारून आलो, तो म्हणाला मध्य बरोबर आहे, तुम्ही सांगितलात तसाच आहे. माती मुठीत धरली तर गोळा होतोय आणि दाबला की फुटतोय. चार-पाच दिवसांत वाफसा.

११ नोव्हेंबर

हात टेकले. उद्या रेडिओला सांगतो, शेत घे म्हणून.

१२ नोव्हेंबर

सगळं लिहून ठेवतो, कारण आज ते पुन्हा बोलण्याची माझी छाती नाही.

सकाळी चपला घालून निघालो. हिने विचारलं कुठे. म्हटलं, शेजारी, शेत देऊन येतो, तुझ्या मनासारखं होतंय. ही अंगणात वाळलेले कपडे काढत होती. तिने ते खांद्यावर टाकले आणि मला म्हणाली, चला. छपरात नेलं. नऊफणीच्या फळीवर, तिच्या नेहमीच्या जागी, ती उभी राहिली. यंत्र ट्रॅक्टरला टांगलेलंच होतं, जमिनीपासून हातभर वर.

यंत्र उजवीकडे झुकलं. माझ्या डोळ्यांसमोर, सावकाश, कुरकुर करत. ती उतरली, पुन्हा सपाट झालं. पुन्हा चढली, पुन्हा झुकलं.

मी बघत राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा अख्खा फळीवर उभा होता.

मग तिने सांगितलं. पहिल्याच वर्षी असं होत होतं. मी तेव्हाही जमिनीला शिव्या घालत डिझेल आणायला गेलो होतो. मागे हिने मिस्त्रीला दाखवलं की मी उभी राहिले की यंत्र झुकतं. मिस्त्रीने हिला धान्याच्या काट्यावर उभं केलं. पंचेचाळीस किलो. मग त्याने मुद्दाम जोड चार बोटं हिच्या बाजूला सरकवला, म्हणजे हिचं वजन धरून यंत्र तोलात राहावं. मला सांगू नको असं त्याला हिनेच सांगितलं. मी तेव्हा तरुण होतो आणि चिडका होतो. मी आलो, गाडी चालवली, रेघ सरळ आली, आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगत सुटलो की माझा हात बसला.

मी विचारलं, मग हे आठ दिवस का गप्प राहिलीस? ती म्हणाली, “मला वाटलं तुमच्या लक्षात येईल. एकतीस वर्षं आलं नाही, म्हटलं अजून आठ दिवस थांबून बघू.”

मला पोत्यावर बसावं लागलं. छपराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी पेटीवर पडली होती, तीत धूळ तरंगत होती. मी म्हटलं, आणि तुला लेकीकडे जायचं आहे ते? तेव्हा हिने मला सरळ सांगितलं. “मला शेतातून नाही जायचं. मला फळीवरून उतरायचंय. दरवर्षी सांगते, हे शेवटचं. तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा चढ म्हणता. शेत सोडल्याशिवाय फळी सुटेल असं मला वाटलंच नाही.”

लाज वाटली. दुसरा शब्द सापडत नाही. मी काय म्हणत होतो, पाठीमागे उभी तर राहते, त्यात काय.

रेडिओकडे गेलो नाही. चपला काढून तिथेच बसून राहिलो.

१३ नोव्हेंबर

पहाटे जाग आली तेव्हा उत्तर तयार होतं. कुठून आलं माहीत नाही, झोपेतच कुणी उशीखाली ठेवल्यासारखं. हिला काही न सांगता नऊफणी वेल्डरकडे नेली. म्हटलं, मिस्त्री चुकला नव्हता, मी चुकलो, जोड उजवीकडे सरकव. त्याने फक्त मान हलवली. पण खडू हातात घेऊन थांबला.

“कोण उभं राहणार ते आधी सांगा,” तो म्हणाला. “माणूस बदलला की बोटं बदलतात.”

वहिनी ना, असंही त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. मी.

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मग शेजारच्या दुकानातून काटा आणला. अठ्ठ्याहत्तर किलो. नुसत्या हिशोबावर विश्वास ठेवणाऱ्यातला तो नाही. यंत्र साखळीने टांगलं, मला फळीवर उभं केलं आणि पातळी लावून जोड सरकवत गेला. पाच बोटं, सहा, सात. सात बोटांवर बुडबुडा मध्ये आला. मी तिथे वर लटकलो होतो, दोन हातांनी पेटी धरून, आणि गुडघ्यांच्या मागे कळ येत होती. जेमतेम पाव तास झाला होता. यंत्र हलतही नव्हतं.

संध्याकाळी हिला म्हटलं, ट्रॅक्टर तू चालवायचास. ती म्हणाली, काहीतरीच. म्हटलं, मला ताप आला होता त्या वर्षी विहिरीवरून जुना ट्रॅक्टर घरी कुणी आणला होता? याचा क्लच त्याच्यापेक्षा हलका आहे, आणि बसून काम आहे. तिने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग मला विचारलं की सीट पुढे सरकते का.

१४ नोव्हेंबर

सीट सरकते. दिवसभर सराव. पहिल्यांदा गचके देत गेली, एकदा कुंपणाच्या खांबाला भेटून आली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं, त्याला फार जोर लागला. दुपारनंतर मात्र तिच्या हाताखाली ट्रॅक्टर मांजरासारखा वागायला लागला. लेकीचा फोन आला तेव्हा ही सीटवरच होती. म्हणाली, आत्ता गाडीवर आहे, नंतर कर. मग मध्येच आठवलं म्हणून सांगितलं की वरची खोली दुसऱ्या कुणाला लागत असेल तर दे, यंदा आम्ही येत नाही.

मी चहा केला. तिने सीटवर बसूनच घेतला.

१६ नोव्हेंबर

पेरणी झाली. म्हणजे मोठं शेत झालं, पलीकडचं तुकडं उरलंय.

वाफसा काल संध्याकाळीच आला होता. आज धुकं उशिरापर्यंत राहिलं. ही सीटवर, मी फळीवर. मी तिला सकाळपासून चारदा सांगितलं होतं, झाड धर, मागे बघू नकोस. तिने झाड धरलं. निघालो.

मला वाटलं होतं फळीवर उभं राहायचं म्हणजे उभं राहायचं. तसं नसतं. प्रत्येक ढेकूळ टाचेतून डोक्यात जातं. नऊ नळ्यांवर एकदम नजर ठेवावी लागते, धूळ सगळी आपल्याच तोंडावर. पण दाणे पडताना एक बारीक आवाज होतो, सर सर सर, अखंड, आणि तो ऐकत राहिलं की मन कुठल्या कुठे जातं. सीटवर हा आवाज येत नाही. इतकी वर्षं पेरून मी तो कधी ऐकला नव्हता. कधी कधी मी स्वतःच गुणगुणतोय असं लक्षात आलं. आणि समोर हिची पाठ. डोक्याला बांधलेला रुमाल, मानेवर सुटलेल्या चार बटा, डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली. हे मला ठाऊक नव्हतं. तिला मात्र माझी पाठ एकतीस पेरण्यांची पाठ असणार.

तिसऱ्या रांगेला एक नळी तुंबली. मी काठी घालून मोकळी करायला गेलो, तोल गेला, पेटीवर आपटलो. ट्रॅक्टर लगेच थांबला. ही मागे वळून बघत होती. लागलं का, विचारलं. नाही म्हटलं. पुन्हा निघालो. पुढे दहा-बारा वेळा तरी तिने वळून बघितलं, मी धड आहे ना म्हणून. प्रत्येक वेळी रेघेला तिथे एक बाक आला. दुपारी धुकं उठलं तेव्हा बांधावरून शेत पाहिलं. सगळं शेत बारीक बारीक बाकांनी भरलंय. रेडिओ आला, हसू दाबत उभा राहिला, म्हणाला, यंदा वाटा मिळेल असं वाटलं होतं मला. ही सीटवरूनच म्हणाली की आता मिळणार नाही, पण चहा मिळेल.

मी ते बाक पुन्हा पुन्हा बघत होतो. माझ्या एकतीस वर्षांच्या रेघांत एकही नव्हता. म्हणजे एकतीस वर्षांत मागे ही पडली की आपटली की रडली, मला काही माहीत नाही. एकदा हिच्या हनुवटीला टाका पडला होता. तो पेरणीच्याच दिवसांतला, हे मला आज आठवलं.

उन्हं कलली तेव्हा शेवटची रांग संपली. ट्रॅक्टर बंद झाला आणि एकदम एवढं शांत झालं की कान वाजायला लागले. मला उतरता येईना. पाय बधिर झाले होते, गुडघा वाकत नव्हता. मी नुसता पेटी धरून उभा राहिलो, आणि हाक मारायचीही लाज वाटली. ही सीटवरून उतरली, सावकाश, एक पाय, मग दुसरा. मागे आली. हात पुढे केला.

तो धरून मी उतरलो. मी तिला असा हात एकदाही दिला नव्हता. रेघ संपली की मी ट्रॅक्टरवरून उडी मारून रेघ बघायला जायचो. ती कशी उतरत होती, किती वेळ लागत होता, कुणाला धरून, देव जाणे. तिचा हात न सोडताच मी तिला हे सांगितलं, आणि चुकलो असंही सांगितलं. तिथेच, शेताच्या टोकाला, मोठ्याने.

तिने ऐकून घेतलं. मग माझ्या कपाळावरची माती पदराने पुसली आणि म्हणाली, “उद्या पलीकडचं तुकडं आहे. पाय शेकून घ्या आणि लवकर झोपा.”